घसरणाऱ्या चाकाचे इंजिन

आषाढात मूर्तिजापूर-दर्यापूरच्या पट्ट्यात एखाद्या पांदण रस्त्यावर रुतलेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झालेली असते. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन गरजते, काळा धूर निघतो, मागची मोठी चाके गरगर फिरतात आणि ट्रॅक्टर मात्र पुढे सरकत नाही. उलट आणखी वीतभर खाली जातो. मग बांधावरचा एखादा जाणता माणूस ओरडतो, "रेस नको देऊ बे! हळूच काढ. पराट्या टाका चाकाखाली!"

या माणसाने यंत्रशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसेल, पण त्याने नेमके निदान केले आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनात शक्तीची कमतरता नव्हती. मातीला ती शक्ती घेता येत नव्हती, एवढेच.

आता अशी एक शर्यत डोळ्यांसमोर आणा, जिच्यात मोटारसायकलचे मागचे चाक असे घसरते ठेवूनच गाडी चालवायची असते. चाक घसरले नाही तर गाडी वळणारच नाही! या शर्यतीला स्पीडवे म्हणतात. त्या गाडीसाठी नवे इंजिन बनवायचे तर काय काय विचार करावा लागतो, ते आज पाहू. हे इंजिन आपल्या बांधावरच्या माणसाचेच म्हणणे वेगळ्या भाषेत सांगते.

ब्रेक नसलेली गाडी

तळेगाव दशासरचा शंकरपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथली दाण सरळ असते, धुरकरी जोडी सोडतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. स्पीडवेची धाव मात्र अंडाकृती मैदानावर असते. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणे डावीकडची. सगळी शर्यत जेमतेम एका मिनिटात आटोपते. मैदान मातीचे, वर बारीक खडी किंवा विटेच्या चुऱ्यासारखा सुटा थर पसरलेला. ऑस्ट्रेलियात १९२३ साली या खेळाला आकार आला असे मानतात. १९२८ मध्ये तो इंग्लंडात पोहोचला आणि पुढे युरोपभर पसरला. पोलंडमध्ये तर तो आपल्या क्रिकेटसारखा लोकप्रिय आहे.

गाडीचे नियम ऐकून तुम्हाला नवल वाटेल. इंजिन ५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे, एकाच सिलिंडरचे. गिअर एकच. वजन ऐंशी किलोच्या आतबाहेर, म्हणजे रोजच्या वापरातल्या साध्या मोटारसायकलपेक्षाही कमी. आणि ब्रेक नाहीत! पुढेही नाही, मागेही नाही. हा वेडेपणा नव्हे. चार गाड्या एकमेकींना चिकटून धावत असताना पुढच्याने एकदम ब्रेक दाबला, तर मागच्याचे काय होईल याचा विचार करा.

मग वळायचे कसे? येथे पदार्थविज्ञान लागते. चाक आणि जमीन यांच्यामधील पकड ही घरातल्या महिन्याच्या किराण्यासारखी ठराविक असते. ती पुढे ढकलण्यासाठी वापरली, तर बाजूला घसरणे रोखायला कमी उरते. वळणावर स्वार थ्रॉटल पिळतो. मागचे चाक गाडीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने फिरू लागते, जवळजवळ सगळी पकड मागे माती उडवण्यात खर्च होते आणि गाडीची शेपूट बाहेरच्या बाजूला सरकते. शेपूट बाहेर गेली की गाडीचे तोंड आपोआप आत, म्हणजे डावीकडे होते. शेपूट फार जाऊ नये म्हणून स्वार पुढचे चाक उलट, उजवीकडे धरतो. डाव्या बुटाला पोलादी तळवा बसवलेला असतो, तो जमिनीवर घासत जातो.

थोडक्यात, या गाडीचे सुकाणू हँडलमध्ये कमी आणि उजव्या मनगटात अधिक असते. थ्रॉटल किंचित जास्त झाला तर गाडी फिरून आडवी होते. एकदम सोडला तर चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी उभी राहून सरळ कठड्याकडे जाते. इंजिन बनवणाऱ्यापुढचा प्रश्न म्हणूनच विचित्र आहे. त्याला नुसते बलवान इंजिन नको. मनगट जेवढे मागेल तेवढेच, मागेल त्याच क्षणी आणि माती सोसेल अशा बेताने देणारे इंजिन त्याला हवे आहे.

जॅप आणि एक्का

या खेळासाठी मुद्दाम बनवलेले पहिले मोठे यशस्वी इंजिन म्हणजे जॅप. लंडनच्या टॉटनहॅम भागातील जॉन आल्फ्रेड प्रेस्टविच यांच्या कारखान्याने १९३० साली ते आणले. जॅप ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९९ मिलिमीटर. घनफळ तुम्हीच काढून पाहा. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले धाव. उत्तर सुमारे ४९८ घन सेंटिमीटर येईल. म्हणजे नियमाची मर्यादा अगदी काठोकाठ वापरलेली!

लांब धावेच्या या इंजिनाने सुमारे तीस वर्षे राज्य केले. एवढी वर्षे टिकले यात नवल नाही असे मला वाटते. त्याची भारदस्त फ्लायव्हील, म्हणजे जडचक्रे, शक्ती हळुवारपणे चाकाकडे पोहोचवत. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो. मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला पन्नास धक्के. प्रत्येक धक्क्याला चाक थोडे घसरते, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या पळभरात मातीला पुन्हा चिकटते. एकाच सिलिंडरच्या इंजिनाने मातीवर आपली जागा टिकवली, त्यामागे हा मधला पळभर विसावाही आहे असे जाणकार सांगतात.

जॅपला आव्हान मिळाले ते एका आडगावातून. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात इंग्लंडहून इंजिने व सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. तेव्हा यारोस्लाव शिमांडल या स्वाराने दिविशोव या छोट्या गावात काही कारागिरांना घेऊन स्वतःच इंजिने बनवायला सुरुवात केली. त्यांनी नाव ठेवले 'एसो'. चेक भाषेत एसो म्हणजे पत्त्यातला एक्का. भाग मिळत नाहीत म्हणून सुरू झालेला हा उद्योग पुढे इतका वाढला, की न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जसारखे नामवंत स्वार त्यांच्या यंत्राकडे वळले. १९६४ साली हा कारखाना जावा कंपनीत सामील झाला.

जावा! हे नाव वाचून तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे चमकतील. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात जावा मोटारसायकली बनू लागल्या, आणि पुढे त्यांनाच येझदी हे नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला, तरी अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या जुन्या गॅरेजात आजही येझदी दुरुस्तीला आलेली दिसते. किक आणि गिअर एकाच दांडीने चालवण्याची तिची खोड जुन्या मेकॅनिकला विचारा, तो हसत हसत दाखवील. मात्र येझदीचे इंजिन दोन धावांचे, २५० घन सेंटिमीटरचे. दिविशोवचे स्पीडवे इंजिन चार धावांचे, ५०० घन सेंटिमीटरचे. नाव एक, घराणे एक, पण स्वभाव अगदी निराळे.

एसोच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८८ आणि धाव ८२ मिलिमीटर होती. घनफळ जवळजवळ जॅपएवढेच, पण सिलिंडर रुंद आणि धाव आखूड. हा बदल कशासाठी?

पुन्हा थोडे गणित करू. एका फेऱ्यात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे धावेच्या दुप्पट अंतर कापतो. जॅप मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० फेरे फिरते असे समजू. दट्ट्याचा सरासरी वेग ०.०९९ गुणिले २ गुणिले १००, म्हणजे सेकंदाला सुमारे १९.८ मीटर. हाच वेग ठेवून ८२ मिलिमीटर धावेचे इंजिन मिनिटाला ७००० पेक्षा थोडे अधिक फेरे घेऊ शकते. दट्ट्याला क्षणाक्षणाला थांबून उलटे फिरावे लागते. त्यामुळे त्याचा सरासरी वेग फार वाढवला, की ताण असह्य होऊन काही तरी तुटते. धाव आखूड केली की तेवढ्याच वेगात फेरे वाढतात. फेरे वाढले की दर मिनिटाला स्फोट जास्त आणि शक्ती जास्त.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूक ३९० या गाडीचे २०१३ सालचे इंजिन ८९ मिलिमीटर व्यासाचे आणि फक्त ६० मिलिमीटर धावेचे होते. मिनिटाला ९५०० फेरे धरून तिच्या दट्ट्याचा वेग काढा. उत्तर सेकंदाला १९ मीटर येते. जॅप आणि ड्यूक यांच्यामध्ये ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी दट्ट्याचा वेग जवळजवळ तोच! पोलाद आणि ॲल्युमिनियम यांनी घालून दिलेली ही लक्ष्मणरेषा आहे. शर्यतीची आधुनिक इंजिने ती ओलांडतात, पण मग त्यांना ठराविक शर्यतींनंतर उघडून आतले भाग बदलावे लागतात.

माठाचे तत्त्व सिलिंडरमध्ये

स्पीडवेच्या गाडीत पेट्रोल नसते. तिचे इंधन मिथेनॉल, म्हणजे मिथिल अल्कोहोल. पूर्वी लाकडापासून मिळत असे म्हणून त्याला लाकडी स्पिरिट म्हणत. (येथेच एक इशारा देऊन ठेवतो. मिथेनॉल हे जहाल विष आहे. थोडे पोटात गेले तरी डोळे जातात, प्राणही जातात. उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. प्रयोगशाळेतही शिक्षकांशिवाय त्याला हात लावू नका.)

किलोला किलो तोलले तर मिथेनॉल पेट्रोलपुढे फिके पडते. एक किलो पेट्रोल जाळून सुमारे ४४ मेगॅज्यूल उष्णता मिळते, मिथेनॉलपासून जेमतेम २०. मग शर्यतवाल्यांनी ते का निवडावे?

गोम अशी, की सिलिंडरमध्ये जागा मर्यादित असते आणि त्यात मुख्यतः हवा भरायची असते. हिशेब हवेच्या किलोमागे करायला हवा. एक किलो हवेत पेट्रोल पूर्ण जळायचे तर ते सुमारे ६८ ग्रॅमच घालता येते. मिथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे तेवढ्याच हवेत ते सुमारे १५५ ग्रॅम घालता येते. आता गुणाकार करा. पेट्रोलपासून सुमारे ३.० मेगॅज्यूल, मिथेनॉलपासून ३.१. म्हणजे उष्णतेत मिथेनॉल कणभर पुढेच. इंधन मात्र दुपटीहून अधिक खर्ची पडते. एका मिनिटाच्या शर्यतीत त्याची कोणाला फिकीर?

खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो समजायला अकोल्याइतके चांगले ठिकाण नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा आपण काय करतो? माठातले पाणी पितो, खिडकीला कूलर लावतो. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मिथेनॉल सिलिंडरमध्ये शिरताना हेच करते. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० ज्यूल लागतात, एक ग्रॅम मिथेनॉलला सुमारे ११००. शिवाय मिथेनॉल घातलेलेही दुपटीहून अधिक! एक किलो हवेमागे पेट्रोल सुमारे २४ किलोज्यूल उष्णता शोषते, तर मिथेनॉल सुमारे १७०. म्हणजे सातपट. सगळे मिथेनॉल वेळेत वाफ होत नाही, तरी आत येणारी हवा चांगलीच थंड होते. थंड हवा आकसते, मग त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा मावते.

मिश्रण थंड असल्याने ते खूप दाबता येते. पेट्रोलवर जास्त दाबले की मिश्रणाचा काही भाग ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणच पेटतो आणि इंजिनातून खडखड आवाज येऊ लागतो. मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. मिथेनॉल हे सहज होऊ देत नाही. स्पीडवे इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १४ ते १५ पर्यंत नेता येते ते यामुळे. आपल्या साध्या मोटारसायकलीत ते ९-१० च्या आसपास असते.

जुन्या जॅपमध्ये वंगण म्हणून एरंडेल वापरत. होय, आजी जबरदस्तीने पाजते तेच! बांधावरच्या एरंडीच्या बियांचे तेल तापले तरी धातूवरचा आपला पातळ थर सोडत नाही. आपल्याकडे बंडीच्या आसाला त्याचे वंगण घालत, आणि तिकडे स्पीडवेच्या मैदानावर त्याच्याच जळक्या वासाने शर्यत सुरू झाल्याची वर्दी मिळे.

वाटीत नाणी बसवा

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जावाचे दोन झडपांचे इंजिन सर्वत्र रुळले होते. अशा वेळी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील राय या लहानशा गावातून एक नवे इंजिन आले. हॅरी वेस्लेक हे तेथले वयोवृद्ध तज्ज्ञ. इंजिनाच्या डोक्यातून, म्हणजे सिलिंडर हेडमधून, हवा कशी वाहते हे मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. जॅग्वार मोटारींच्या प्रसिद्ध इंजिनात त्यांच्या या विद्येचा वाटा होता. १९६७ साली बेल्जियन ग्रां प्री जिंकणाऱ्या डॅन गर्नीच्या ईगल मोटारीत वेस्लेक कारखान्याचेच बारा सिलिंडरांचे इंजिन होते, प्रत्येक सिलिंडरला चार झडपांचे. तोच विचार त्यांनी एका सिलिंडरच्या स्पीडवे इंजिनाला लावला.

चार झडपांनी काय साधते, हे तुम्ही कागदावर करून पाहू शकता. कंपासने ८.६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. हा आपला सिलिंडर. त्यात हवा आत घेणारी ४.४ सेंटिमीटर व्यासाची एक झडप आणि धूर बाहेर सोडणारी ३.८ सेंटिमीटरची दुसरी झडप बसवा. जागा जवळजवळ संपली. आता दुसऱ्या वर्तुळात प्रत्येकी ३.२ सेंटिमीटरच्या चार झडपा बसवा. दोन आत घेणाऱ्या, दोन बाहेर सोडणाऱ्या.

झडप किंचित उघडली की हवा तिच्या कडेभोवतीच्या फटीतून आत शिरते. म्हणून परिघ मोजायचा. एका मोठ्या झडपेचा परिघ सुमारे १३.८ सेंटिमीटर. दोन लहान झडपांचा मिळून सुमारे २०.१. हवेची वाट जवळजवळ दीडपट झाली! शिवाय प्रत्येक लहान झडप मोठीपेक्षा कितीतरी हलकी असते. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही त्याच प्रमाणात कमी केली तर वजन घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे साधारण चाळीस टक्क्यांवर येते. हलकी झडप वेगाने उघडझाप करू शकते, तिची स्प्रिंग मागे पडत नाही, आणि इंजिन जास्त फेरे घेते. तिसरा लाभ कागदावर आपोआप दिसेल. चार वर्तुळांच्या मधोमध थोडी जागा उरते. ठिणगीचा प्लग तिथे बसतो आणि ज्योत सर्व बाजूंना सारखीच पसरते.

१९७५ साली हे इंजिन मैदानात उतरले. १९७६ साली पोलंडमधील खोझूफ येथे बावीस वर्षांचा इंग्रज स्वार पीटर कॉलिन्स वेस्लेकवर बसून विश्वविजेता झाला. एका वर्षात जुन्या इंजिनांचे वय दिसू लागले. जावालाही चार झडपांकडे वळावे लागले. पुढच्याच वर्षी आयव्हन मॉगर यांनी जावावर विजेतेपद परत नेले खरे, पण शर्यत आता कारखान्यांचीही झाली होती. १९८३ साली जर्मनीचा एगॉन म्युलर जीएम या इटालियन इंजिनावर जिंकला. जुझेप्पे मार्झोत्तो यांनी बनवलेल्या या इंजिनाने पुढे दीर्घकाळ या खेळावर पगडा ठेवला. जॅपच्या काळी चाळीसच्या आसपास असलेली अश्वशक्ती आज सत्तरच्या पुढे गेली आहे.

पण आपला रुतलेला ट्रॅक्टर विसरू नका! चार झडपांची शक्ती वरच्या फेऱ्यांत भरभरून येते. ती एकदम आली तर चाक मातीत नुसते भोवरा होते. कारखान्याच्या शक्तिमापकावर दहा अश्वशक्ती जास्त दाखवणारे इंजिन मैदानावर मागे पडू शकते ते असे. म्हणून नवे इंजिन बनवणारे शक्तीचा आकडा वाढवून थांबत नाहीत. ते जडचक्राचे वजन बदलून पाहतात, झडप कधी उघडावी आणि किती वेळ उघडी राहावी हे ठरवणाऱ्या कॅमचा आकार घासून पाहतात, ठिणगी काही अंश आधी किंवा नंतर पाडून पाहतात. शक्तीचा आलेख उंच असण्यापेक्षा चढ सौम्य असणे त्यांना मोलाचे वाटते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वात शिकण्यासारखा भाग आहे, आणि पुस्तकात तो सहसा सापडत नाही.

आपल्याकडची इंजिने

आपल्याकडे स्पीडवेचा खेळ रुजला नाही. पुणे, नाशिककडे मातीवरच्या मोटोक्रॉस शर्यती होतात, पण त्यांच्या गाड्यांना ब्रेक असतात आणि गिअरही. नवी इंजिने मात्र महाराष्ट्रात घडली आहेत, आणि त्यातल्या एकाचा प्रश्न वेस्लेकच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

पुण्यात आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००३ साली पल्सर मोटारसायकलीत एका सिलिंडरला दोन ठिणगीचे प्लग बसवले. कारण साधे होते. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो. मिश्रण जळायला त्यातला सातवा हिस्सा मिळाला असे धरा. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहूनही कमी! तेवढ्यात ज्योतीने कडेपर्यंत पोहोचले पाहिजे. चार झडपांच्या इंजिनात प्लग मध्यभागी ठेवून ज्योतीचा प्रवास अर्धा करता येतो. दोनच झडपा असतील तर प्लग कडेला जातो. त्यावर बजाजने दुसऱ्या कडेला आणखी एक प्लग लावला. दोन्हीकडून आग लावलेली गंजी लवकर पेटते, तसाच हा प्रकार. हेतू मात्र शर्यत जिंकण्याचा नव्हता. कमी इंधनाचे विरळ मिश्रणही नीट जळावे, धूर कमी व्हावा आणि लिटरमागे किलोमीटर वाढावेत, हा होता. या कल्पनेच्या पेटंटवरून पुढे दुसऱ्या एका मोटारसायकल कंपनीशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एक प्लग वाढवणे ही किरकोळ गोष्ट नव्हती, हे त्यावरून कळते.

मातीचा प्रश्न स्वतः हाताळायचा असेल, तर तुमच्यातल्या कोणाला काही वर्षांनी तशी संधीही मिळू शकेल. २००७ पासून भारतात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाहा' नावाची स्पर्धा भरते. खडबडीत मातीवर चालणारी एका माणसाची गाडी मुलांनी स्वतः बनवायची. पेट्रोलच्या गाड्यांसाठी सर्व संघांना एकाच प्रकारचे, दहा अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे इंजिन दिले जाई आणि त्यात ढवळाढवळ करायला बंदी असे. शक्ती सगळ्यांची सारखी. ती चाकापर्यंत आणि चाकाकडून मातीपर्यंत कोण शहाणपणाने नेतो, तो पुढे.

वापसा

स्पीडवे इंजिनाच्या घडणीत नव्वदच्या दशकात आणखी एक मोठा बदल झाला. तोवर सिलिंडर उभा असे. तो जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाच्या दिशेने निजवला गेला. इंजिनातील शक्ती तेवढीच, पण गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला आणि घसरताना गाडी अधिक शांत राहू लागली. येथेही प्रश्न शक्तीचा नव्हता, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

शर्यतीच्या आधीचे दृश्य तर वऱ्हाडातल्या कोणाही शेतकऱ्याला ओळखीचे वाटावे. मैदानावर टँकरने पाणी मारतात, मग ट्रॅक्टरला जोडलेल्या फळीने माती सारखी करतात. माती फार ओली झाली तर चाक रुतते, फार कोरडी झाली तर धूळ उडून पकड जाते. पेरणीआधी आपण ज्याला वापसा म्हणतो, तोच त्यांना हवा असतो. स्वार आणि त्यांचे मेकॅनिक पायी चालत मैदानाला फेरी मारतात, बुटाच्या टाचेने माती उकरून पाहतात. मग गाडीपाशी येऊन मागच्या चाकावरचे दातेरी चक्र बदलतात. माती घट्ट असेल तर एक दाता इकडे, भुसभुशीत असेल तर एक दाता तिकडे. गिअर एकच असल्यामुळे एकदा निवडलेला हिशेब शर्यत संपेपर्यंत बदलता येत नाही. दुसऱ्या शर्यतीपर्यंत चार चाकांनी आतला थर उडवून बाहेरच्या कडेला नेलेला असतो, आणि टाच पुन्हा मातीत रुतवून पाहावी लागते.